सहा बायकांचं केंद्र

आमच्या अग्निशमन केंद्रात संस्कृती आली ती एका मंगळवारी, सकाळच्या हजेरीनंतर, पांढऱ्या गाडीतून. त्याआधी ती आमच्याकडे नव्हती हे आम्हाला ती आल्यावरच कळलं. तोवर आम्ही आपले बिनसंस्कृतीचे आगी विझवत होतो.

मी बंब चालवतो. सव्वीस वर्षं झाली, निवृत्तीला अकरा महिने उरलेत. माझ्या जिभेला हाड नाही असं बायको म्हणते, आणि केंद्रातली पोरंही 'काका, ऐकवा ना काहीतरी' म्हणून मला भरीला घालतात. मग मी ऐकवतो. साहेबांची नक्कल करतो, मुख्यालयाच्या पत्रांची टर उडवतो. साहेब समोर नसताना माझ्याइतका शूर माणूस तुम्हाला शोधून सापडायचा नाही.

आमच्या पाळीत बारा जण. अकरा पुरुष आणि एक ती. तिला सगळे 'पाटीवाली' म्हणायचे. त्याचं असं आहे, की धुरात शिरणारा प्रत्येक जण पाठीवर हवेची टाकी घेतो आणि दारात आपला बिल्ला काढून देतो. दारातल्या माणसाने तो पाटीवर अडकवायचा, आत गेल्याची वेळ लिहायची, टाकीत हवा किती ते लिहायचं, आणि हवा संपत आली की आतल्याला बाहेर बोलवायचं. फार जबाबदारीचं काम. इतकं जबाबदारीचं, की आमच्याकडे ते कोणालाच नको असायचं. ती भरती झाली आणि पहिल्याच आठवड्यात साहेबांच्या लक्षात आलं की तिचं अक्षर सुंदर आहे. झालं. पाटी तिच्या गळ्यात पडली ती पडलीच.

आता यात तिचं काय बिघडलं, असं तुम्ही विचाराल. बिघडलं ते असं. नव्या माणसाने पहिल्या दोन वर्षांत टाकी लावून निदान दहा वेळा आत जायला हवं, असा नियम आहे. दहा झाल्या तर तो बंबावर कायम. नाहीतर रवानगी फोनच्या खोलीत, आयुष्यभर 'पत्ता सांगा, पत्ता सांगा' करत. पोरांच्या दहा फेऱ्या आठ महिन्यांत होतात. तिचे बावीस महिने झाले होते आणि फेऱ्या तीन. त्यातली एक मांजर काढायची.

कोण कुठे बसणार हे साहेब रोज सकाळी फळ्यावर लिहायचे. माझ्या पाठीमागच्या दोन जागा आत शिरणाऱ्यांच्या. तिथे रोज पैलवान आणि आणखी कोणीतरी. पैलवान म्हणजे आमच्यातला सगळ्यात दांडगा गडी, साहेबांचा लाडका. तिची जागा दाराशी, पाटी मांडीवर घेऊन. ती रोज फळा वाचायची, ओठ घट्ट मिटायची आणि बुटांचे बंद बांधायला खाली वाकायची. मी आरशात बघायचो. बघण्याचं काम मी फार मन लावून करतो.

तर संस्कृती. दुसऱ्या कुठल्याशा केंद्रात काहीतरी लाजिरवाणं घडलं, बोंबाबोंब झाली, आणि मुख्यालयाला रातोरात 'संस्कृती सुधारणा कक्ष' सुचला. त्या कक्षाने आमच्याकडे एक सल्लागार पाठवला. कोट, चकचकीत बूट, आणि बोलताना दोन्ही हात असे फिरवायचा की पाण्यात पडलाय की काय असं वाटावं. त्याने आम्हाला एकमेकांवर विश्वास ठेवायला शिकवलं. डोळे मिटून मागे पडायचं आणि मागच्याने झेलायचं. चारच दिवसांपूर्वी एका गोदामाचं छप्पर कोसळलं तेव्हा आम्ही एकमेकांना खांद्यावर टाकून बाहेर काढलं होतं, पण ते बिनसंस्कृतीचं होतं. पैलवान डोळे मिटून अगदी मनापासून मागे पडला. मागे सल्लागार होता. पुढचा तास त्या बिचाऱ्याने खुर्चीत बसून, कंबरेला बर्फ लावून घेतला.

"सर्वसमावेशकता म्हणजे काय?" बर्फ दाबत त्याने विचारलं.

पाटीवाली तेव्हा चहाचा ट्रे घेऊन उभी होती. चहाही तिच्याकडेच असायचा. साहेबांनी कप उचलला आणि म्हणाले, "आता हेच बघा ना. आम्ही सगळे हिच्या हातचा चहा पितो. कोणीही भेदभाव करत नाही."

सल्लागाराने ते लिहून घेतलं, देवाशपथ!

जाताना त्याने फॉर्म वाटले. वीस प्रश्न, नुसत्या खुणा करायच्या, नाव कुठेही लिहायचं नाही. "निर्भयपणे भरा," तो म्हणाला. "कोणी काय लिहिलं हे कोणालाही कळणार नाही." आणि पहिला प्रश्न होता: पुरुष की स्त्री?

एवढं डोकं लावायला मुख्यालयाला किती बैठका लागल्या असतील कोण जाणे.

दोन आठवड्यांनी निकाल आला. साहेबांनी तो हजेरीत वाचून दाखवला. वाचताना त्यांचा चेहरा असा होता की तोंडात माशी गेलीय आणि समोर पाहुणे बसलेत. "या केंद्रातल्या शंभर टक्के स्त्रियांना कामाच्या वाटपात भेदभाव होतो असं वाटतं. शंभर टक्के स्त्रियांना कपडे बदलायला स्वतंत्र खोली नाही. शंभर टक्के स्त्रियांना वरिष्ठांकडे दाद मागायची भीती वाटते." मग कागद घडी करून ते म्हणाले, "आता हे कोणी लिहिलं ते आपल्याला माहीत नाही. नाव नाहीये."

अकरा माना तिच्याकडे वळल्या. माझीही वळली.

तिने खाली बघितलं नाही. "मी खरं लिहिलंय, साहेब," ती म्हणाली.

"अगं, तू लिहिलंस असं कोण म्हणतंय?" साहेब म्हणाले. "गुप्त असतं ते."

त्या दिवसापासून फळ्यावरच्या बंबाच्या यादीत तिचं नाव नव्हतंच. पाटीचा त्रास होतो ना, मग पाटीही नको. तिला फोनच्या खोलीत बसवलं. "आतापासून सवय झालेली बरी," साहेब सगळ्यांसमोर म्हणाले. तिचे डोळे भरून आले ते मला दिसलं. आवाज मात्र हलला नाही. "दोन महिने आहेत अजून," एवढंच ती म्हणाली. मी त्या दिवशी चहाच्या वेळी साहेबांची अशी झकास नक्कल केली की पोरं हसून लोळली. तीही थोडी हसली. मला वाटलं, आपण तिची बाजू घेतली.

साहेबांना मात्र ते शंभर टक्के गिळेनात. कारण शेजारच्या केंद्राचा आकडा शून्य आला होता. तिथे बाईच नाही. त्यांना मुख्यालयाकडून चौकटीतलं प्रशस्तिपत्र मिळालं, आणि तिथल्या साहेबांनी आमच्या साहेबांना त्याचा फोटो पाठवला. आमच्या साहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यातच पत्र आलं: आठ दिवसांत पुन्हा फॉर्म भरून घ्यावेत, सुधारणा दिसावी.

फॉर्म भरायच्या आदल्या दिवशी साहेबांनी पाच जणांना केबिनमध्ये बोलावलं. मी, पैलवान, वकील आणि दुसरे दोघे. वकील म्हणजे खरा वकील नव्हे. तोही आगच विझवतो, पण प्रत्येक गोष्टीला 'मुद्दा असा आहे' म्हणून सुरुवात करतो. साहेबांनी दार लावून घेतलं.

"उद्या तुम्ही पाच जणांनी पहिल्या प्रश्नाला 'स्त्री' वर खूण करायची," ते म्हणाले.

पैलवानाने स्वतःच्या दंडाकडे बघितलं.

"आणि पुढे सगळं छान चाललंय असं भरायचं. म्हणजे सहा स्त्रिया होतील, त्यातल्या पाच खूश. एकीची तक्रार. शंभराचे सतरा टक्के होतील." त्यांनी गणित कागदावर करून दाखवलं. "कळलं का?"

"मुद्दा असा आहे साहेब..." वकील म्हणाला.

"तुझा मुद्दा दाराबाहेर. आणि काका, तुमच्यावर माझा पूर्ण भरवसा आहे. निवृत्तीआधीचा तुमचा शेवटचा अहवाल मलाच लिहायचाय."

दुसऱ्या दिवशी फॉर्म समोर आला. मी 'स्त्री' वर खूण केली आणि पुढे वाचायला लागलो. गंमत बघा, मागच्या खेपेला हेच प्रश्न मी डोळे झाकून भरले होते. आता बाई होऊन वाचायचे म्हटल्यावर एकेक प्रश्न टोचायला लागला. गेल्या महिन्यात तुम्हाला किती वेळा आत पाठवलं? गणवेश तुमच्या मापाचा आहे का? तिच्या बाह्या चार बोटं दुमडलेल्या असतात. कपडे बदलायला स्वतंत्र खोली आहे का? ती पाइप वाळवायच्या खोलीत बदलते. तिथली कडी तुटलेली आहे, म्हणून बाहेरच्या मुठीवर हेल्मेट अडकवते. ते दिसलं की आत यायचं नाही, असा तिचा तिनेच काढलेला कायदा. तो सगळे पाळतात असंही नाही.

मला सगळं माहीत होतं. सगळं! आणि मी 'आहे' वर खूण केली. तिथे पेन अडलं, उमटलं नाही, म्हणून परत एकदा गिरवली. पेनालाही लाज वाटली असावी. पुढे सगळीकडे छान, उत्तम, समाधानी. वीसच्या वीस. निवृत्ती, शेवटचा अहवाल, एवढंच डोक्यात होतं. भ्यालो मी, दुसरं काय.

घरी हा सहा बायकांचा किस्सा मी बायकोला रंगवून सांगितला. ती रुग्णालयात परिचारिका आहे, तीस वर्षं तिने असले साहेब पाहिलेत. पैलवानाच्या दंडापर्यंत ती पोट धरून हसत होती. मग थांबली.

"आणि तुम्ही काय लिहिलंत?"

"खरं तेच लिहिलं. त्या साहेबाला काय घाबरतो की काय मी?"

"बरं केलंत हो," ती म्हणाली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप मला रात्रभर जाणवत होती.

निकाल आला तेव्हा साहेबांनी कागद आधी उलटा धरून बघितला. सतरा नव्हे, त्र्याऐंशी टक्के! सहा स्त्रियांपैकी पाच जणींना भेदभाव वाटत होता आणि एकच खूश होती. म्हणजे ते चारही जण, पैलवानासकट, ऐन वेळी उलटले होते. मीच एकटा सरळ राहिलो होतो.

साहेबांनी एकेकाला आत घेतलं. "तो एक इमानदार कोण?" पाचही जणांनी शपथेवर सांगितलं, "मीच, साहेब." बाहेर जेवणाच्या टेबलाशी पाचही जण शपथेवर सांगत होते, "आपण तर बाबा खरं लिहिलं." त्या चौघांची केबिनमधली शपथ खोटी होती. माझी टेबलावरची.

मुख्यालयाने आधी अभिनंदनाचं पत्र पाठवलं. महिन्याभरात महिलांची संख्या एकावरून सहावर नेल्याबद्दल. मग तिथे कोणाला तरी शंका आली की यांना पगार कोण देतंय. आणि एका सकाळी तपासणीच्या बाई येऊन उभ्या राहिल्या. पन्नाशीच्या, चष्मा, हातात एकच फाइल. त्यांनी चहाही घेतला नाही, तेव्हाच साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं.

"मला तुमच्या सहा महिला कर्मचाऱ्यांना भेटायचंय," त्या म्हणाल्या.

"एक आहे. पाच जणी रजेवर आहेत."

"पाचही? एकदम?"

"बाळंतपणाची रजा," साहेब म्हणाले.

माझ्या पोटाकडे बघितलं तर ते अगदीच अशक्य नव्हतं. पण वकिलाला राहवेना. तो उभा राहिला. "मुद्दा असा आहे बाई, त्या पाच जणी आम्ही." आणि त्याने केबिनमधली सगळी हकीकत सांगून टाकली.

साहेब एवढे मुरलेले, की तेवढ्यात सावरले. चेहरा दुःखी केला, आवाज खाली आणला. "बाई, मी असलं काही सांगितलं नाही. ही पोरांची टिंगल आहे. मुद्दाम स्त्री म्हणून फॉर्म भरले आणि नको नको त्या तक्रारी लिहिल्या. पाच टवाळ, म्हणून पाच तक्रारी. सहावा फॉर्म बघा. सगळं छान, वीसच्या वीस. तो खरा बाईचा फॉर्म. मुलगी आमची गुणी आहे, मागच्या खेपेला जरा गैरसमज झाला होता तिचा."

माझा फॉर्म तिच्या नावावर गेला होता.

"तो माझा नाही," ती उभी राहून म्हणाली. फोनच्या खोलीतून तिला बोलावून आणलं होतं. "मी दोन्ही वेळा तेच लिहिलंय. माझा आता एकच महिना उरलाय, बाई. मी खोटं कशाला लिहू?"

तपासणीच्या बाईंनी चष्मा काढून पुसला. "मला पटतंय तुमचं," त्या सावकाश म्हणाल्या. "पण या कागदांवर नावं नाहीत. तुमचा फॉर्म समाधानाचा धरला तर तक्रारच उरत नाही, आणि मुदत महिन्याने संपते. तो तुमचा नाही, तर कोणाचा, हे कोणीतरी सांगायला हवं."

"मुद्दा असा आहे," वकील बोटं मोजत म्हणाला, "की हिने खरं लिहिलं असेल, तर आपल्या पाचांतल्या एकाने..." तो थांबला.

सगळ्यांनी पैलवानाकडे बघितलं. साहेबांचा लाडका, रोज आत शिरणाऱ्यांच्या जागेवर बसणारा, दुसरा कोण असणार? पैलवान लालबुंद झाला. "आईशप्पत, मी नाही," तो म्हणाला. "मी खरं लिहिलं. माझी बहीण पण नोकरी करते रे." कोणाचाच विश्वास बसला नाही. तिचाही नाही. तिने त्याच्याकडे असं बघितलं की तो एवढा थोरला गडी मान खाली घालून बसला.

आणि मी? खोटं कशाला सांगू, मला क्षणभर हायसं वाटलं. पैलवानावर जातंय तर जाऊ दे, तरुण आहे, सोसेल, असं मनात येऊन गेलं. साहेब माझ्याकडे बघून अगदी हलकेच मान हलवत होते. त्यांना आता कळलं होतं. भरवसा ठेवावा तर अशा माणसावर.

मग पैलवान रडायला लागला. आवाज न करता, नाक ओढत. ते मात्र मला बघवेना.

"बाई," मी उठून म्हणालो. "तो फॉर्म माझा आहे."

"काका, नीट आठवा," साहेब म्हणाले. "वय झालंय तुमचं."

"आठवतंय. कपडे बदलायच्या खोलीचा प्रश्न बघा. 'आहे' वर दोनदा गिरवलेली खूण असेल. पेन चालत नव्हतं."

तपासणीच्या बाईंनी पान उलटलं, बोट ठेवलं, आणि बराच वेळ काढलंच नाही. "असं भरायला कोणी सांगितलं?"

"साहेबांनी. केबिनमध्ये, दार लावून. पाचही जणांना सांगितलं. या चौघांनी ऐकलं नाही, मी ऐकलं."

"का?"

नक्कल करायला तिथे काहीच नव्हतं. "घाबरलो," मी म्हणालो.

आठ दिवसांत हुकूम आला. तिची मुदत सहा महिन्यांनी वाढली. बंबावरच्या जागा आता पाळीपाळीने, फळ्याचा खडू कोणा एकाच्या हातात नाही. पाटीही पाळीपाळीने. परवा पैलवानाने पाटीवर लिहिलेल्या वेळा वाचायला तिघे जण लागले. साहेबांनाही शिक्षा झाली. त्यांना मुख्यालयात नेलं, संस्कृती सुधारणा कक्षात. अनुभवी माणूस हवा होता म्हणे. बायकोला मी सगळं सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलली, आणि तिचं बरोबरच होतं.

पोरं मात्र मला डोक्यावर घ्यायला निघाली. काका उभे राहिले, काकांनी साहेबांना तोंडावर सुनावलं! मीही दोन दिवस ते ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी आत शिरणाऱ्यांच्या जागेवर तिची पहिली पाळी होती. सकाळी ती बंबाजवळ एकटीच टाकी तपासत होती, तेव्हा मी तिच्याजवळ गेलो.

"चुकलो गं मी," मी म्हणालो.

तिने हवेचा काटा बघितला, झडप बंद केली. "चौघांनी खरं लिहिलं म्हणून सगळे त्यांची पाठ थोपटतायत," ती म्हणाली. "तुम्ही कबूल केलंत म्हणून तुमचीही थोपटतायत. मी पहिल्या दिवशी, एकटीने तेच लिहिलं होतं, काका. तेव्हा एक माणूस बोलला नाही."

"घाबरलो होतो मी."

"कागदावर तुमचं नाव नव्हतं, तरी?" तिचा आवाज आता हलला. "माझंही नव्हतं. पण मला लपायला जागाच नव्हती हो!"

मी टाकी उचलून द्यायला हात पुढे केला.

"सरका," ती म्हणाली, "जड आहे ती." आणि माझ्या हाताकडे न बघता तिने टाकी एका झटक्यात पाठीवर घेतली, पट्टे आवळले, आणि माझ्यामागच्या जागेवर जाऊन बसली.